पाचशेचे पन्नास

१

शनिवारी सकाळी फाइल परत जागेवर होती.

सुनेने मशीन चालू केलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उघडली. केएफएल-२. संशयित प्रोग्रॅम. कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ वाचतो. काढून टाकायचा का? तिने 'हो'वर क्लिक केलं. उत्तर आलं की फाइल वापरात आहे, काढता येत नाही. हे उत्तर तिला पाठ झालं होतं. फरक एवढाच, की गेल्या रविवारी तिच्या दिराने सगळं मशीन पुसून कोरं केलं होतं आणि त्यातलं सगळं नव्याने भरलं होतं. तेव्हापासून मशीन नेटला जोडलेलंही नव्हतं. वायर गुंडाळून खिडकीच्या कठड्यावर ठेवली होती. ती अजून तिथेच होती.

डॉक्टर रुग्णांबद्दल जे बोलून पाठवतात ते ऐकून टाइप करून द्यायचं, हे तिचं काम. हॉस्पिटलांची टायपिंगची कामं घेणाऱ्या एकाच केंद्रासाठी ती लग्नाआधीपासून घरून हे काम करत आली होती. गेल्या महिन्यात केंद्राकडून दोन तक्रारी आल्या. एक, तिच्या मशीनवर कळा वाचणारा प्रोग्रॅम आहे, म्हणजे रुग्णांची माहिती बाहेर जात असू शकते. दोन, तिने पाठवलेल्या दोन नोंदींत औषधाचं प्रमाण चुकलंय. पाचशेच्या जागी पन्नास. वॉर्डातल्या नर्सला शंका आली म्हणून निभावलं. केंद्राने काम थांबवलं. सोमवारी सकाळी त्यांचा माणूस दुरूनच मशीन तपासणार होता. फाइल दिसली तर करार संपणार होता.

तिने आत्यांना फोन लावला.

"आत्या, ती परत आलीये."

"कोण, तुझी नणंद?"

"फाइल."

"वायर लावली होतीस?"

"नाही. हातही लावला नाही."

"मग मी येते," आत्या म्हणाल्या. "आणि ऐक. वायर नसताना जे आत येतं, ते दारातून येतं. घरात कोणाला काही बोलू नकोस."

२

आत्या म्हणजे सुनेच्या सासऱ्यांची, अण्णांची, धाकटी बहीण. एका बँकेच्या संगणक विभागात गैरव्यवहार शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर नातेवाइकांची मशीनं दुरुस्त करणं त्यांनी ठामपणे नाकारलं होतं. 'एकदा हो म्हटलं की लग्नकार्यातसुद्धा लोक मोबाइल पुढे करतात,' हे त्यांचं कारण. पण हे प्रकरण वेगळं होतं.

मशीन स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या अरुंद जागेत होतं, जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर. घरातल्या प्रत्येकाला कुठेही जायचं तर त्याच्या समोरूनच जावं लागे. आत्यांनी खुर्ची ओढली, चष्मा बदलला आणि एकेक फाइल उघडून बघू लागल्या. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते आणि पान उलटत नव्हते.

"कोणाला काही पाठवते का ती?" सुनेने विचारलं.

"वायर नसताना कशी पाठवेल? पण तसा प्रयत्नही करत नाहीये. आणि कुठे लिहूनही ठेवत नाहीये." आत्यांनी मान वर केली. "कळा चोरणारा प्रोग्रॅम कळा साठवतो. ही प्रत्येक कळ बघते आणि सोडून देते. घरात चोर शिरला, सगळी कपाटं उघडून बघितली आणि दारं नीट लावून तिथेच बसून राहिला, असा प्रकार आहे."

"मग ती करते काय?"

"तेच कळत नाहीये. कधी आली ते मात्र कळतंय. गुरुवारी सकाळी. त्याआधी काय काय झालं?"

सुनेने आठवून सांगितलं. रविवारी दिराने मशीन कोरं केलं. सोमवारी तिचा नवरा अण्णांना घेऊन डोळे दाखवायला बाहेरगावी गेला. दोघं बुधवारी संध्याकाळी परतले. ती रोज मशीन उघडून बघत होती. बुधवारपर्यंत लाल चौकट आली नाही, तेव्हा निर्धास्त होऊन पुढचे दोन दिवस तिने ते उघडलंच नाही.

"अस्सं," आत्या म्हणाल्या. "तुझ्या दिराला हाक मार."

३

धाकटा डोळे चोळत आला. तो दूरसंचार कंपनीच्या तक्रार विभागात पाळीने काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी सकाळ मोजतच नसे.

"मी नाही," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"मी अजून काही विचारलं नाही."

"दादा महिनाभर विचारतोय. तुझे ते फुकटचे गेम, तुझे ते फुकटचे गेम. जेवताना, दात घासताना. घरात डास चावला तरी माझ्या गेममुळेच."

"मग गेम टाकलास की नाही?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. "टाकला. मंगळवारी. पेन ड्राइव्हवरून."

"अरे देवा," सून म्हणाली.

"वहिनी, सगळं कोरं होतं, मला राहवलं नाही."

आत्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "गेम मंगळवारचा. फाइल गुरुवारची. गेमबरोबर आली असती तर त्याच दिवशी चौकट दिसली असती. तू मूर्ख आहेस, पण या कामातला नाहीस."

"आभारी आहे."

"मंगळवारी दिवसभर मशीनपाशी तू एकटाच होतास?"

"वहिनी आणि मी. दादा आणि अण्णा गावाला."

तो उठून चहा टाकायला गेला. आत्या सुनेला हळूच म्हणाल्या, "तुम्ही दोघं घरात होतात तोवर ती आली नाही. ते दोघं परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती हजर."

सुनेने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. अण्णांनी पेपर आणखी वर धरला होता.

४

"आता तुझी पाळी," आत्या म्हणाल्या. "सकाळी या खुर्चीत कोण कोण बसतं?"

"मी आंघोळीला जाते तेव्हा हा बसतो. पत्ते खेळतो म्हणे. हा भलामोठा मग भरून चहा, शेजारी पाण्याची बाटली. टेबलावर गोल डाग पाडून ठेवलेत, बघा ना. तो कामावर गेला की अण्णा बुद्धिबळ खेळतात. मग काम असलं की मी बसते ते संध्याकाळपर्यंत. रात्री भाऊजी."

आत्यांनी डागांवरून बोट फिरवलं. "याशिवाय काही विचित्र? कितीही फालतू असलं तरी सांग."

"पासवर्ड. कधीकधी चुकीचा आहे म्हणतं. तोच पासवर्ड पुन्हा सावकाश टाकला की घेतं. मला वाटलं, घाईत माझ्याच हातून चुकतंय."

"पासवर्डमध्ये एकच अक्षर लागोपाठ दोनदा येतं का?"

सून थांबली. "येतं. तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नाही अजून. कानाला लाव ते यंत्र, मी डॉक्टर होते. नेहमी करतेस तसं कर."

सुनेने हेडफोन लावले, डोळे मिटले. टाइप करताना पडद्याकडे बघायचं नाही, हे तिला शिकवताना बजावलं होतं. डोळ्यांनी वाचायला लागलं की कान ढिले पडतात. आत्या डॉक्टरी सुरात बोलू लागल्या. रुग्णास ताप. गोळी पाचशे, दिवसातून दोनदा. पाणी भरपूर. बोटं कळांवरून सरसर गेली.

"उघड डोळे."

पडद्यावर आकडा होता पन्नास.

सून बघत राहिली. "मी शून्य दोनदा दाबला. आत्या, शपथेवर सांगते, दोनदा दाबला."

"दाबलास. मी बघत होते. आता सावकाश दाब."

पाच. शून्य. शून्य. आला पाचशे.

आत्या खुर्चीत मागे टेकल्या. "तुझे कानही शाबूत आहेत आणि बोटंही. एकच कळ पटकन दोनदा दाबली गेली, तर ही फाइल दुसरी खूण गाळून टाकते. शब्दांतली गळती मशीन आपोआप दुरुस्त करतं, आकड्यांतली नाही. ती चोर नाहीये गं. ती गाळणी आहे."

"पण अशी गाळणी हवी कशाला कोणाला?"

"ज्याचं बोट एकदाच दाबायचं ठरवतं आणि दोन-तीनदा दाबलं जातं, त्याला."

धाकटा चहाचा ट्रे घेऊन आला होता. त्याने पहिला कप अण्णांना दिला. बशीवर कप वाजायला लागला, तसा तो गेली कित्येक वर्षं वाजत होता. तिघंही त्या कपाकडे बघत होते.

५

"हो, माझीच आहे ती फाइल," अण्णा म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. ते एके काळी उंच इमारतींच्या कामावर टॉवर क्रेन चालवत. हात थरथरायला लागला तसे खाली उतरले आणि मग घरीच बसले. त्यांचा थोरला मुलगा पुढे त्याच कामात गेला.

"अण्णा, तुम्ही?" सून म्हणाली. "मग इतके दिवस बोलला का नाहीत? माझं काम..."

"चुकलं माझं. डोळ्यांच्या दवाखान्यात एकाने दिली. लिहायला सोपं जातं म्हणाला."

"महिन्यापूर्वीची तक्रार आणि दवाखान्यात गेलास या सोमवारी," आत्या म्हणाल्या. "पण जाऊ दे. ये, बस इथे."

"कशाला?"

"माझ्या नावाने दोन ओळी लिही. ख्यालीखुशाली. आपल्या भाषेत."

अण्णा खुर्चीत बसले. कळफलकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. एका बोटाने एक कळ दाबली, पडद्यावर इंग्रजी अक्षर आलं. दुसरी दाबली, तेच.

"भाषा बदल आधी."

"कशी?"

"रोज लिहितोस ना?"

अण्णांचा हात माउसवर गेला. तोच त्यांना ओळखीचा होता. घोडा उचलायचा, घोडा ठेवायचा. बुद्धिबळाला कळफलक लागत नाही.

"अण्णा, लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही," आत्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "आणि दुसरं सांगू? ही सोय मशीनमध्ये मुळातच असते. कोणीही चालू करावी. फक्त ती चालू केली की कोपऱ्यात खूण दिसते, आवाज येतो. ही फाइल बनवणाऱ्याने खूणही काढली आणि आवाजही. म्हणजे ज्याला ती हवी होती, त्याला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. तुझा कप सगळ्या घरासमोर वाजतो. तुला काय लपवायचंय?"

अण्णांनी माउस बाजूला सारला.

"तू कोणासाठी बोललास ते मला कळलंय. तुला कधी कळलं?"

"गावाला," अण्णा म्हणाले. "तिकीट काढताना. खिशातून पैसे काढायला किती वेळ लावतो, ते मी मागे उभा राहून पाहिलं. माझंही तिथूनच सुरू झालं होतं."

सून उभी राहिली. "कोणाबद्दल बोलताय तुम्ही दोघं?"

दाराच्या कुलपात किल्ली शिरली, सुटली, परत शिरली.

६

थोरल्याची शनिवारी अर्धी पाळी असे. त्याने किल्ल्यांचा जुडगा खुंटीला अडकवला, आत्यांना पाहून हसला आणि सरळ धाकट्याकडे वळला.

"सापडलं का काही? मी पहिल्यापासून सांगतोय, याचे गेम..."

"बस," आत्या म्हणाल्या. "आज किती उंच होतास?"

"नेहमीचंच."

"सकाळी चहा घेतलास?"

"घेतला की."

"तो भलामोठा मग? वर पाण्याची बाटली?"

थोरला हसला, पण थोडा उशिरा. "आत्या, तुम्ही माझं पाणी मोजायला आलात?"

"माझा भाऊ क्रेनवर होता तेव्हा सकाळी घोटभर पाणीही घेत नसे. आई ओरडायची, तरी नाही. वर एकदा चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली येता येत नाही आणि वर कसलीच सोय नसते. तूही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कोरडा निघायचास, मी पाहिलंय. या टेबलावर मगचे इतके डाग आहेत की तू बरेच दिवस वर चढलेला नाहीस."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं नाही.

"त्या जुडग्यात पेन ड्राइव्ह आहे," आत्या म्हणाल्या. "दे."

त्यांनी आधी चालू असलेला प्रोग्रॅम थांबवला. मग मशीन सुरू होताना तो आपोआप जागा होत असे, ती नोंद काढली आणि मग फाइल पुसली. या वेळी फाइल निमूट गेली. मशीन बंद करून चालू केलं. चौकट आली नाही. मग त्यांनी पेन ड्राइव्ह लावली आणि तिच्यात असलेली एकुलती एक गोष्ट उघडली.

कोपऱ्यात लाल चौकट उघडली. केएफएल-२.

"हे कसं शक्य आहे?" थोरला म्हणाला. तो खरंच चक्रावला होता. "साइटवरच्या संगणकवाल्याने दिली मला. तो म्हणाला, लावा, काम करा, काढा, मागे काही राहत नाही. मी रोज आठवणीने काढून घेत होतो. लाल चौकट यायची ती मला याच्या गेमचीच वाटायची."

"तू काढून घेत होतास. ती आपली प्रत ठेवून जात होती, म्हणजे पुढच्या वेळी लवकर चालू होईल. बनवणाऱ्याला ती सोय वाटली असेल. तुझ्या हाताच्या वेगाला ती बरोबर होती. तुझ्यामागून इथे जी बसते तिचा वेग वेगळा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं."

थोरला पडद्याकडे बघत राहिला. महिनाभर घरात ज्या फाइलचा तो सर्वांत मोठ्याने शोध घेत होता, ती त्याच्याच खिशातून येत होती.

"कधीपासून?" सून म्हणाली.

"हात? पावसाळ्यापासून."

"वरून कधी उतरलास?"

"मे महिना संपताना... नाही, त्यानंतर..." तो अडखळला. "एका सकाळी क्रेनला लटकलेली सिमेंटची बादली भिंतीला घासली. खाली कोणी नव्हतं. मी तेव्हाच उतरलो आणि सांगून टाकलं. त्यांनी मला सामानाच्या ऑफिसात बसवलंय. काय आलं, काय गेलं, ते मशीनवर भरायचं. महिनाअखेरीस टायपिंगची परीक्षा आहे. पास झालो तर कायम ठेवतील. म्हणून सकाळी सराव करत होतो."

"सगळ्या साइटला माहीत आहे. मला नाही."

"अण्णा घरी बसले तेव्हाचं घर मला आठवतं. तुला ते दाखवायचं नव्हतं. परीक्षा झाली की सांगणार होतो."

अण्णांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

७

सुनेने खुर्ची मशीनकडे वळवली आणि स्वतःच्या हाताने, आत्यांनी केलं होतं त्याच क्रमाने, प्रोग्रॅम थांबवला, नोंद काढली, फाइल पुसली.

"झालं," धाकटा म्हणाला. "सोमवारी कोरं मशीन दिसेल. वहिनी सुटल्या."

"केंद्राला दोन चुका सापडल्या," सून म्हणाली. "ज्या सापडल्या त्या. मी दिवसाला कितीतरी नोंदी पाठवते. शंभर, दोनशे, पाचशे. प्रत्येकात शून्य आहेत."

थोरल्याने पहिल्यांदाच बायकोकडे पाहिलं. बादली भिंतीला घासली तेव्हा खाली कोणी नव्हतं. इथे खाली किती लोक होते, ते त्याला माहीत नव्हतं.

"सगळ्या परत तपासायला लागतील," ती म्हणाली. "त्यांना सांगायला हवं. आजच."

"सांगितलंत तर मशीन कोरं असूनही काम जाईल," धाकटा म्हणाला. "आपण होऊन कशाला? सोमवारी तसंही..."

"गप रे," अण्णा म्हणाले.

आत्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. या पुढच्या गोष्टीत त्यांचं काम नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

सुनेने फोन उचलला. नंबर लावण्याआधी थोरल्याने हात पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि फोन दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. शनिवारी दुपारी केंद्रात कोणी असेल की नाही, याची खात्री नव्हती. पलीकडे एका बाईंनी फोन घेतला.

"नमस्कार," तो म्हणाला. "तुमच्याकडे टायपिंगच्या नोंदींत आकडे चुकले होते. दोन चुका सापडल्या, पण अजून असतील. चूक टायपिस्टबाईंची नाही, माझी आहे. माझा हात थरथरतो. म्हणून मी मशीनवर एक प्रोग्रॅम वापरत होतो, त्याने त्यांचे शून्य गाळले."

पलीकडून काही विचारलं गेलं.

"हो, हात," तो म्हणाला. "उजवा. थरथरतो."

पुन्हा काही प्रश्न. तो गोंधळला. तारखा त्याला सांगता येईनात. मे की जून, पावसाच्या आधी की नंतर. सुनेने त्याच्या हातातून फोन अलगद काढून घेतला आणि खुर्चीत बसली.

"नमस्कार," ती म्हणाली. "हो, मीच ती टायपिस्ट. ते माझे मिस्टर. माझा पासवर्ड चुकायला लागला त्या दिवसापासूनच्या नोंदी काढा, तारीख मी सांगते. नाही, सोमवारपर्यंत थांबू नका. वॉर्डात आज जे आहेत त्यांच्यापासून सुरू करा."